दरवर्षी चार सेंटिमीटर

टेंभुर्णीत वसंता बोर्डेच्या घराला तोरण कधी लागलं नाही, पण त्याची चौकट अख्ख्या वस्तीला ठाऊक होती. बाभळीची चौकट, तिच्या डाव्या अंगाला खालून वर पेन्सिलीच्या आडव्या खुणा, आणि प्रत्येक खुणेपुढं वसंताच्या किरट्या अक्षरात तारीख. तारीख एकच, चौदा एप्रिल. बदलायचं ते फक्त साल. जयंतीच्या सकाळी निळ्या झेंड्यापुढं वंदना झाली की वसंता घरी यायचा, लेकीला चौकटीला पाठ लावून उभी करायचा, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचा आणि पुस्तकाखालून पेन्सिल ओढायचा. मग टेप, आणि त्यानंतर खीर. खुणेआधी खीर कुणाला मिळत नसे, पाहुण्यालासुद्धा नाही.

वसंता जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता. रोज मोटरसायकलवर जायचा-यायचा. भट्टीतून निघालेला तांबडालाल लोखंडाचा तुकडा रोलरमध्ये शिरतो आणि पलीकडून लांबच लांब होऊन येतो, हे त्यानं अठरा वर्षं पाहिलं होतं. तिथं कधी फसवाफसवी नाही. इकडून जेवढं घालाल, तिकडून तेवढं बराबर बाहेर. पोरांचंही तसंच असतं, असं त्याचं मत होतं. चांगलं खाऊ घाला, शाळेत धाडा, पोरगं वाढणारच.

आणि प्रीती वाढावी याला कारण होतं. ती पाचवीत असताना जाफराबादच्या स्टँडजवळ त्यानं एक बाई पोलीस पाहिली होती. तिनं नुसता हात वर केला आणि ज्याच्या गाडीला आजवर कुणी थांब म्हटलं नव्हतं, त्या माणसाची गाडी करकचून थांबली. काच खाली झाली, आतला माणूस बाईला "मॅडम" म्हणाला. वसंता रस्त्याच्या कडेला उभा राहून ते सगळं पाहत होता. घरी आला तो ठरवूनच आला. पोरगी खाकीत जाणार. मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागते, हे त्यानं मिलमधल्या कुणाकडून तरी विचारून घेतलं, आणि त्याच वर्षी चौकटीवर पहिली खूण पडली. एकशे छत्तीस.

इथवर सगळं ठीक होतं. बापानं स्वप्न पाहिलं म्हणून कुणी त्याला दोष देऊ नये. घोळ घातला तो गणितानं. खरं तर गणितानंही नाही, गणिताच्या मास्तरानं.

काकासाहेब शेजूळ सर गावातल्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित शिकवायचे. माणूस हुशार, खडूनं फळ्यावर रेघ मारली तर पट्टीची गरज नाही. पण सरांना दरवर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ढाल हवी असायची आणि दरवर्षी ती दुसऱ्याच शाळेला जायची. त्या वर्षी नववीला रेषीय समीकरणं शिकवताना त्यांनी वर्गाला विचारलं, "तुमच्या घरात दरवर्षी सारखं वाढणारं काय आहे?"

पोरांनी तेच ते सांगितलं, दुधाचा भाव, बकऱ्या, विजेचं बिल. प्रीती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी."

वर्ग हसला. पण तिला खुणा पाठ होत्या. पाचवीला एकशे छत्तीस, सहावीला एकशे चाळीस, सातवीला एकशे चव्वेचाळीस, आठवीला एकशे अठ्ठेचाळीस. सरांच्या हातातला खडू थांबला. चार बिंदू, आणि चारही एका रेषेत! असलं तर पुस्तकातल्या उदाहरणातच सापडतं. सरांनी तिथंच फळ्यावर अक्ष काढले, बिंदू मांडले, सपकन रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाला बाण काढला. खाली लिहिलं, वाय बरोबर चार एक्स अधिक एकशे छत्तीस. एक्स म्हणजे पाचवीनंतर गेलेली वर्षं, वाय म्हणजे प्रीती.

आपण एका अक्षरात मावतो याचं प्रीतीला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं. पुढं तिनं त्याबद्दल स्वतःला किती शिव्या घातल्या त्याचा हिशेब नाही.

ती गणितात तेज होती, हीही एक पंचाईतच. त्याच तासाला तिनं वहीच्या मागच्या पानावर एक्सच्या जागी एकोणतीस घातले. चाळिसाव्या वर्षी आपली उंची किती? दोनशे बावन्न सेंटिमीटर. म्हणजे सव्वाआठ फूट. तिला हसू आवरेना. तास संपल्यावर तिनं वही सरांना दाखवली.

"सर, मंग ही रेषा कुठं थांबती?"

सरांनी वहीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "रेषा थांबत नसते, प्रीती. थांबतो तो रेषाखंड. सहावीत शिकलीस ना?"

"पण सर, माणूस तर..."

"ते खोडून टाक," सर म्हणाले. "परीक्षक असलं काही विचारत नाहीत. आणि घरी सांगत बसू नकोस, त्यांचा गोंधळ होईल."

तिनं खोडलं. सर होते ते. सरांनी खोड म्हटल्यावर कोण खोडणार नाही?

त्या वर्षी प्रीतीच्या उंचीचा तक्ता प्रदर्शनात गेला आणि ढाल आली. गावातले कापडाचे व्यापारी कचरूलाल शेठ यांच्या हातून शाळेत प्रीतीचा सत्कार झाला, तिला पांढरं कापड मिळालं, वसंताला नारळ मिळाला. तक्त्यावरची ती तांबडी रेघ पाहून वसंता सरांना म्हणाला, "म्हंजे सर, हे पुढलं आधीच कळतं?"

"गणित आहे, वसंतराव. येत्या एप्रिलला एकशे बावन्न. बारावीला एकशे चौसष्ट."

चौदा एप्रिल आला. खूण पडली. टेप लावला, तर एकशे बावन्न. ना एक रेघ वर, ना एक रेघ खाली. वसंता खिरीचं भांडं घेऊन वस्तीभर फिरला. ते समीकरण त्याला अक्षरन् अक्षर पाठ झालं. चौथी शिकलेला माणूस मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत "वाय बरोबर चार एक्स" असं म्हणायला लागला आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. सरकारी कागदावर त्याचा भरवसा नव्हता, पुढाऱ्यांवर नव्हता, सख्ख्या भावावरही नव्हता. पण शिक्षणावर होता. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं होतं आणि आता शिकलेल्या माणसानं फळ्यावर लिहून दिलं होतं, त्यावर शंका घ्यायची कशी? प्रीतीला पुढं याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग यायचा. तो मूर्ख असता तर बरं झालं असतं. तो श्रद्धेनं फसला.

दहावीच्या जयंतीला आठ दिवस होते तेव्हा प्रीतीनं दार लावून स्वतःच टेप धरला. एकशे त्रेपन्न. पुन्हा धरला. एकशे त्रेपन्नच. हवे होते एकशे छप्पन्न. बाहेर अंगणात वसंता कुणाला तरी सांगत होता, "यंदा पंचावन्नची लाइन पार करून राह्यली पोरगी. सर फोटो काढायला येणार हायेत."

जयंतीला तिनं आईची पांढरी साडी नेसली. पहिल्यांदाच. निऱ्या जमिनीला टेकत होत्या. सर मोबाइल घेऊन समोर उभे, मिलमधले दोघं आलेले, वसंताच्या हातात पुस्तक आणि पेन्सिल. सगळ्यांच्या नजरा तिच्या डोक्यावर. पायांकडे कोण बघतो? प्रीतीनं श्वास आत घेतला आणि साडीखाली टाचा उचलल्या. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं. बापाचं मन राखायला पोरीनं दोन बोटं टाच उचलली, त्यात जगाचं काय बुडणार होतं?

एकशे छप्पन्न! सरांनी टाळ्या वाजवल्या. आधी सरांनीच.

अकरावीला सात सेंटिमीटर उचलावे लागले. पोटऱ्यांत गोळे आले, पण ती हलली नाही. बारावीला अकरा. एवढं टाचांच्या आवाक्यातलं नव्हतं. जमलं तेवढं टाचांनी केलं आणि उरलेलं डोक्यावर उंच बांधलेल्या अंबाड्यानं. खूण पडेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. वसंतानं टेप लावला, एकशे चौसष्टला दोन सूत कमी भरले. "टेप ताणला न्हाई बराबर," तो म्हणाला आणि चौसष्टच लिहिलं.

तिची खरी उंची घरात आणखी एका माणसाला ठाऊक होती. आई, पुष्पाबाई. घरातलं शिवण तीच करायची. वाढती पोर म्हणून सलवारीच्या खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायची आणि दरवर्षी एक बोट उसवायची. दहावीनंतर ती दुमड तिला उसवावी लागली नाही. शिवणाऱ्या बाईला टेप लागत नाही. पण ती बोलली नाही. नवऱ्याचं तोंड फुललेलं असायचं त्या दिवशी, आणि त्याचं तोंड फुललेलं असे दिवस तिच्या संसारात मोजकेच होते.

बारावी झाली. प्रीतीला गुण चांगले पडले. नर्सिंगच्या यादीत नाव लागलं, जालन्यातच, सरकारी जागेवर. वसंतानं यादी पाहिली आणि घडी करून खिशात घातली.

"फौजदार व्हायची पोरगी लोकायच्या जखमा पुसायला धाडू का मी? बिलकुल न्हाई. भरती निघून राह्यली. एकशे पंचावन्न लागतेत, तू चौसष्ट हाय. अजून काय पाह्यजे?"

हाच तो दिवस होता. त्या दिवशी तिनं तोंड उघडायला हवं होतं. पप्पा, मी त्रेपन्न आहे. पाच शब्दही नाहीत. पण त्या शब्दांच्या मागं तीन जयंत्या होत्या, तीन वाट्या खीर, सरांचे फोटो, वस्तीतल्या बायका आपल्या पोरींना "प्रीतीवानी वाढ" म्हणत होत्या ते. तिनं मान खाली घातली. शेवटची तारीख निघून गेली आणि ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

त्याऐवजी ती पळायला लागली. पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर. आठशे मीटर पावणेतीन मिनिटांत मारायला लागली, गोळा सहा मीटरच्या पुढं फेकायला लागली. कुणी सांगितलं लोंबकळल्यानं उंची वाढते, तर ती लिंबाच्या फांदीला हात सोलेपर्यंत लोंबकळली. दोनच सेंटिमीटर हवे होते. सात नाही, अकरा नाही. फक्त दोन. माणूस दोन सेंटिमीटरसाठी काय काय करतो, ते त्या फांदीला विचारावं.

फेब्रुवारीत जालन्याला मैदानी चाचणी होती. प्रीतीनं ऐकलं होतं की माणूस पडून राहिला की थोडा लांब होतो, उठून बसला की आखडतो. म्हणून ती गावापासून जालन्यापर्यंत टेम्पोच्या मागच्या हौद्यात गोधडी टाकून आडवी पडून गेली. वसंता पुढं ड्रायव्हरशेजारी बसून त्याला समीकरण समजावून सांगत होता. "आज किती असंल सांगू का? पाचवीपासून पावणेआठ वर्षं झाली. एकशे सदुसष्ट." ऑनलाइन फॉर्मातही त्यानं तेच भरायला लावलं होतं.

मैदानात आधी उंची, मग बाकी सगळं. प्रीती अनवाणी पट्टीखाली उभी राहिली. समोरची बाई पोलीस तरुण होती, आवाज शांत होता.

"टाचा खाली घे, ताई."

प्रीतीला कळलंच नव्हतं की टाचा वर आहेत. त्या आपोआप उचलल्या गेल्या होत्या. तीन वर्षांची सवय. तिनं त्या खाली टेकल्या.

"एकशे त्रेपन्न पॉइंट चार. पुढची."

पळायचं राहिलंच. ज्या मैदानासाठी तिनं सात महिने पहाट पाहिली, त्याच्या धावपट्टीवर तिचा पाय पडला नाही. छातीवर नंबर लावायची टाचणीसुद्धा परत घेतली गेली.

फाटकाबाहेर वसंतानं आकडा ऐकला आणि आधी हसला. मग त्याचं तोंड आवळलं. "दाबले. चौदा सेंटिमीटर दाबले आपले. आपली पोरगी पाहून दाबले." आयुष्यात त्याचं इतकं काही इतक्या वेळा दाबलं गेलं होतं की याही वेळी तसंच झालं असणार, यात त्याला शंका वाटली नाही. आणि नेमकं याच वेळी ते खोटं होतं. प्रीतीला रस्त्यात बसून ओरडावंसं वाटलं. तिनं एवढंच म्हटलं, "पप्पा, घरी चला."

पण वसंता गावात पोचला तो थेट शेजूळ सरांच्या दारात गेला. सर ओसरीवर पेपर तपासत होते. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी प्रीतीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, सरांच्या खांद्याला लागत होती, नववीत लागत होती तेवढीच. सरांना दिसलं. नक्की दिसलं. चार वर्षांत आता कुठं त्यांनी तक्ता सोडून पोरीकडे पाहिलं.

"सर, लिहून द्या," वसंता म्हणाला. "तुमच्या सहीनं. फेरमोजणी मागतो."

सरांच्या आदर्श शिक्षक पुरस्काराच्या फायलीत पहिल्याच पानावर त्या चौकटीचा फोटो होता. सरांनी कोरा कागद घेतला आणि फार जपून लिहिलं, "प्रकल्पातील समीकरणानुसार सदर विद्यार्थिनीची उंची फेब्रुवारीअखेर १६७ सें.मी. असणे अपेक्षित आहे." अपेक्षित. खाली सही, शिक्का.

तो कागद घेऊन वसंता दुसऱ्या दिवशी प्रीतीला ओढत पुन्हा मैदानावर गेला. फेरमोजणी झाली. कुणी नाही म्हटलं नाही. एकशे त्रेपन्न पॉइंट एक. त्याच तरुण बाई पोलिसानं सरांचा कागद वाचला, दोनदा वाचला आणि अगदी हळू म्हणाली, "काका, उंची गणितानं न्हाई मोजत. पट्टीनं मोजतेत." रांगेतल्या दोघी-तिघींना हसू फुटलं. वसंताला कळेना की त्या कशाला हसतात. त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. त्या क्षणी प्रीतीला बापाची कणव आली आणि स्वतःची चीड आली.

वाटेत वसंता म्हणाला, "त्यायची पट्टी खराब हाय. पुढल्या भरतीला तू सत्तरच्या वर जाशील. तवा कसे दाबतेत पाहू."

रेषेला बाण होताच. ती पुढं जाणारच होती.

एप्रिल लागला. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म पुन्हा निघाला, शेवटची तारीख वीस. फॉर्मसाठी मार्कमेमो, टीसी, जातीचा दाखला, सगळं लागत होतं आणि सगळं वसंताच्या लोखंडी पेटीत होतं, भरतीच्या फायलीत. किल्ली त्याच्या कमरेला. प्रीतीनं तीनदा मागितली. तो म्हणायचा, "कागद पुढल्या भरतीला लागतेत. खराब व्हतील."

यंदाची खूण एकशे अडुसष्टची होती. प्रीतीनं हिशेब केला. पंधरा सेंटिमीटर. टाचा उचलून, अंबाडा बांधून, श्वास कोंडूनही तिथं पोचता येणार नव्हतं. समीकरण टाचांच्याही पुढं निघून गेलं होतं. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. तिनं आईला पांढरी सलवार दिली आणि म्हटलं, "खालून दोन बोटं वर घे. घोटे दिसले पाह्यजेत."

पुष्पाबाईनं का ते विचारलं नाही. सुईत दोरा ओवला. दुमड घालता घालता म्हणाली, "तीन साल झाले, तुझी दुमड उसवली न्हाई मी. मला काय दिसत नव्हतं व्हय?"

"मंग बोलली कामून न्हाई?"

"तू बोलली का?"

पुष्पाबाईनं दोरा दातानं तोडला.

जयंतीच्या सकाळी वंदना आटोपून वसंता घरी आला. पांढरा शर्ट, निळा फेटा. मागून शेजूळ सर आले, त्यांना दरवर्षीचं आमंत्रण होतं आणि यंदा न येणं बरं दिसलं नसतं. गल्लीच्या तोंडाशी वस्तीतली माणसं खिरीसाठी जमायला लागली होती. प्रीती चौकटीला पाठ लावून उभी राहिली. केस मोकळे, मधोमध भांग पाडून चापून बसवलेले. घोटे उघडे.

"सरळ उभी राह्य," वसंता म्हणाला.

"सरळच उभी हाय, पप्पा."

त्यानं पुस्तक ठेवलं. पुस्तक खाली गेलं, आणखी खाली गेलं आणि नववीच्या खुणेच्या बोटभरच वर थांबलं. वरच्या तीन खुणा, दहावी, अकरावी, बारावी, पुस्तकाच्या वर उघड्या राहिल्या. वसंता त्या खुणांकडे पाहत राहिला. मग चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं नजर खाली नेली. लेकीच्या टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या. सपाट.

"कवापासून?" त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"दहावीपासून. मी वाढले न्हाई, पप्पा. मी तेवढीच हाय. त्यायनी काही दाबलं न्हाई. मला नर्सिंगचा फॉर्म भरू द्या. किल्ली द्या मला."

वसंता सरांकडे वळला. "सर, समीकरण चुकलं का?"

सरांना एकच शब्द बोलायचा होता, हो. तो शब्द त्यांना येत होता, चार वर्षांपूर्वी एका पोरीनं वहीच्या मागच्या पानावर त्यांना ती चूक मांडूनही दाखवली होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"समीकरणात चूक नाही, वसंतराव. समीकरण बरोबरच आहे."

"मंग पोरगी चुकली," वसंता म्हणाला.

गल्लीतून माणसांचा आवाज जवळ आला. कुणीतरी ओरडलं, "वसंता, किती झाली रे फौजदारीण?" वसंतानं दाराकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. तेच तर दुखणं होतं, वाईट असता तर प्रीतीला त्याचा सरळ द्वेष करता आला असता.

"टाचा उचल," तो पुटपुटला.

"उचलून पण पोचत न्हाई आता."

तो आत गेला आणि जेवायचा पाट घेऊन आला. लाकडी, जाड, चार बोटं उंचीचा. तिच्या पायांपुढं ठेवला. "ह्याच्यावर राह्य. आजचा दिवस. लोक येऊन राह्यले, प्रीती. पाया पडतो तुझ्या."

प्रीतीनं पाटाकडे पाहिलं. घोट्यांच्या वर घेतलेल्या सलवारीखाली पाट झाकला जाणार नव्हता, हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या पोटऱ्यांत जुना गोळा उठला. तीन वर्षं ती बापासाठी वर वर होत आली होती. तिनं पाट पायानं जरा पुढं सरकवला, आणि त्यावर बसली. जेवायला बसतात तशी मांडी घालून. मग हात पुढं केला.

"किल्ली."

माणसं दारात आली. वसंतानं त्या हाताकडे पाहिलं नाही. त्यानं टेप काढला, जमिनीपासून चौकटीवर धरला, मोकळ्या चौकटीवर, आणि एकशे अडुसष्टवर पेन्सिलीची आडवी खूण ओढली. पुढं तारीख घातली. मोजायला कुणी उभं असायची गरजच उरली नव्हती.

"एकशे अडुसष्ट!" तो माणसांकडे वळून म्हणाला. "गणितात आलं व्हतं तेवढीच. एक रेघ इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

"वा!" कुणीतरी म्हणालं. शेजूळ सरांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि ते तसेच खाली घेतले. पुष्पाबाई खिरीच्या वाट्या भरू लागली. पहिली वाटी सरांना, रीतीप्रमाणं.

लोक वाट्या घेऊन पाटावर बसलेल्या प्रीतीला वळसा घालून आत-बाहेर करत होते. तिचा हात अजून पुढंच होता.